गधेगाळ, सेक्टर एकोणीस

दगड तोच.
आता ‘सागरदीप’च्या पाण्याच्या टाकीला टेकलेला,
तोंड भिंतीकडे,
खांद्यावर कुणाचं तरी वाळत टाकलेलं पायपुसणं.

बहात्तर साली मी इथे साखळी घेऊन आलो
तेव्हा हे शिळखार होतं.
खाडी, मिठागराचे पांढरे ढीग,
मधे भाताची खाचरं
आणि बांधावर हा, गुडघाभर चिखलात.
माझ्या नकाशात ‘खूण क्रमांक चार’.
त्याच्या डोक्यावर फळी टाकली, होकायंत्र ठेवलं,
आणि उघाडीपर्यंतचं गाव
अडीच दिवसांत मोजून संपवलं.

बारकूबाय मढवी कमरेला कोयता खोचून आली.
‘त्याव हात नको टेकू, बाला.
ती गाढवीन हाय.
पोरांनी बगू नय म्हनून
आमीच तिला पाठमोरी केलीय.’
मी हसलो. वही पुढे केली.
आंगठा उठवताना तिच्या बोटांना मीठ होतं.
दप्तरात कुठेतरी
त्या पानाला अजून ओल धरत असेल.

निवृत्तीनंतर मला जुन्या अक्षरांचा नाद लागला.
ठाण्याला, कोपिनेश्वराच्या मागच्या गल्लीत,
दर शनिवारी एका खोलीत आम्ही सहा म्हातारे
शिलाहारांची दानं वाचायला शिकलो:
वर चंद्र, वर सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर.
मग राजा, तिथी, गाव, चतुःसीमा.
खाली शाप.
आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी
शापाचं चित्र.
गुरुजी चित्रावरून पान पटकन उलटायचे.

तेव्हा कळलं, मी कुणाच्या डोक्यावर फळी ठेवली होती.

आज दगड फिरवायला चौघं लागली.
वॉचमन, प्लंबर, मी,
आणि बारकूबायची नात भाविका,
सोसायटीची सेक्रेटरी, साडेबारा टक्क्यांच्या घरातली.
ओला कागद चढवला. ब्रशने थोपटला.
शाईची पुरचुंडी फिरवली तशी
अक्षरं वर आली, तळातून मासळी यावी तशी, एकेक:
‘...पूर्वे खाडी... दक्षिणे वडु...
हे जो लोपी तेहाचिये माये...’

पुढे मी थांबलो.
पुढे चित्रच होतं.
भाविका उकिडवी बसून बघत राहिली.
‘काका, जमीन घेणार तो.
आणि गाढव त्याच्या आईवर?
तिने काय घेतलं होतं?’

गुरुजींकडे दोन वर्षं गेलो,
हा प्रश्न सहांपैकी एकालाही पडला नव्हता.

माझी आई शिराळ्याची. तिला खाडी माहीत नव्हती.
त्या मोजणीच्या भत्त्यातून
मी तिला पहिला चष्मा करून दिला.
नाकावर चढवून तिने आधी माझा नकाशा बघितला,
जवळ धरून, लांब धरून.
‘बरीक काढलायस,’ म्हणाली,
‘पण माणसं कुठं हायती ह्यात?’
मी म्हणालो, आई, ती नकाशात नसतात.
तिने चष्मा काढून पदराने पुसला,
जणू काच मळली असावी.

कागद गच्चीत दोरीवर वाळतोय, दोन चिमट्यांवर.
बाईचा चेहरा झिजलेला, काहीच उमटलं नाही,
पण डाव्या हाताची बोटं आहेत,
चारही, मिटलेली.
गाढवाचे कान मात्र तासल्यासारखे ताजे.

‘परत पाठमोरा ठेवायचा का?’ वॉचमन विचारतो.
भाविका म्हणते, मीटिंगमध्ये घेऊ. तोवर राहू दे असाच.
मग जाऊन ते पायपुसणं
टाकीच्या नळाला अडकवते.

गच्चीतून पूर्वेला बघतो. खाडी दिसत नाही.
वड तर मीच नकाशात गोल करून खोडला होता.
दगडाने सांगितलेली एकही सीमा जागेवर नाही.
मी आखलेल्या सगळ्या आहेत,
त्यांवर पार्किंगचे नंबर आहेत.

चंद्र उगवलाय, दुपारचाच, फिका.
सूर्य अजून तापतोय.
आंगठ्याची शाई
मी खडीला घासतोय.